चित्रातलं मूल कोण? एकोणिसाव्या शतकातल्या बालचित्राचं नाव शोधताना

समजा, तुमच्या हाती एक तैलचित्र आलं आहे. तीनेक वर्षांचं मूल उभं आहे. अंगात पांढरा, रुंद गळ्याचा फ्रॉक, बाह्या दंडाजवळ फुग्यासारख्या फुललेल्या. गळ्यात पोवळ्यांची माळ. केसांचा भांग एका बाजूला. उजव्या हातात छोटीशी हातोडी. एका पायात लाल बूट आहे, दुसरा पाय अनवाणी, आणि त्या पायाचा बूट जमिनीवर कलंडलेला. मागे गडद पडदा, पडद्याच्या कडेने मावळतीच्या आकाशाचा एक तुकडा. बाहेरच्या सोनेरी फ्रेमवर पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर एका मुलीचं नाव व 1820 हा आकडा कोरलेला आहे. कुटुंब अमेरिकेतलं, एवढं सांगण्यात आलं आहे.

बहुतेक जण इथेच थांबतात. नाव आहे, साल आहे, मूल आहे, मग अजून काय हवं? मी मात्र अशा पट्टीवर भरवसा ठेवून कधीच सुरुवात करत नाही. ही पट्टी कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर लावली, हे पट्टी सांगत नाही. म्हणून या लेखातली पद्धत उलटी आहे. आधी वस्तू वाचायची, मग तारीख बांधायची, मग मूल मुलगा की मुलगी ते ठरवायचं, आणि नावाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. हा क्रम मोडला की माणूस नकळत आवडत्या नावासाठी पुरावे गोळा करायला लागतो.

चित्र उलटं करा

भिंतीवरून उतरवण्याआधी रंगाच्या पृष्ठभागाकडे तिरकं बघा. कुठे रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर हात लावू नका, चित्रसंवर्धन करणाऱ्या जाणकाराला बोलवा. रंग पक्का असेल तर मऊ कापडाच्या गुंडाळ्यांवर फक्त कडा टेकतील असं चित्र पालथं ठेवा. मागची धूळ ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरा. शंभर वर्षं टिकलेली शाई एका पुसण्यात जाते, आणि मग ती कुणालाच वाचता येत नाही.

आता फोटो. पूर्ण पाठ, चारही कोपरे, प्रत्येक कागदी चिठ्ठी, कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडा, खिळे, लाकडाचे सांधे. फ्रेम वेगळी, चित्र वेगळं, कारण या दोघांची सोबत जन्मापासूनची असेलच असं नाही. फ्रेमा बदलतात, एका चित्राची दुसऱ्याला बसवतात. पितळी पट्टी फ्रेमवर असेल तर ती मुळात याच चित्रासाठी होती का, हा पहिला प्रश्न.

टॉर्च जमिनीला समांतर धरून प्रकाश आडवा टाका. पेन्सिलीने लिहिलेलं, खरवडलेलं, दाबून लिहिलेलं असं बरंच काही त्या प्रकाशात उठून येतं. काढलेला फोटो कृष्णधवल करून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला की फिकट अक्षरं कधी कधी स्पष्ट होतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चही मारून बघा. जुनं वॉर्निश हिरवटसर चमकतं आणि नंतर केलेली रंगाची डागडुजी त्यावर काळ्या डागांसारखी दिसते. सही किंवा साल अशा काळ्या डागात असेल, किंवा रंगाला पडलेल्या भेगांत शाई उतरलेली असेल, तर ते अक्षर चित्रानंतरचं आहे.

पाठीवर काय शोधायचं? पहिली गोष्ट, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का. एकोणिसाव्या शतकातले बरेच चित्रकार तयार कॅनव्हास विकत घेत, आणि विक्रेता मागे आपलं नाव आणि पत्ता उमटवत असे. दुकानं जागा बदलत, भागीदार बदलत, त्यामुळे पत्त्यावरून साल आवळता येतं. विन्सर अँड न्यूटन ही कंपनी 1832 मध्ये सुरू झाली. तिचा शिक्का असेल तर ते कापड 1832 च्या आधीचं असूच शकत नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ब्रिटनमधल्या अशा विक्रेत्यांची सविस्तर सूची इंटरनेटवर ठेवली आहे, तीत नाव आणि पत्ता टाकून बघावा. ब्रिटिश कापडावर सरकारी कराचा शिक्का असेल तर ते 1831 पर्यंतचं, कारण त्या वर्षी तो कर उठला.

शिक्का किती बोलू शकतो याचं मोठं उदाहरण म्हणजे 'राइस पोर्ट्रेट' या नावाने ओळखलं जाणारं चित्र. पांढऱ्या पोशाखातली, हातात छत्री घेतलेली एक मुलगी. ती लहानपणची इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन आहे आणि चित्र 1788 च्या सुमाराचं आहे, असं ते बाळगणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं. ऑस्टिनचा जन्म 1775 चा, म्हणजे हिशोब जुळतो. पण पोशाखाच्या अभ्यासकांना तो पेहराव 1800 नंतरचा वाटला. त्यातच चित्राच्या पाठीच्या एका जुन्या फोटोत विल्यम लेग या लंडनमधल्या कॅनव्हास विक्रेत्याचा शिक्का दिसला, आणि तो त्या पत्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धंदा करत होता. तेव्हा ऑस्टिन पंचविशी ओलांडलेली बाई होती. 2007 मध्ये ते चित्र लिलावाला आलं आणि विकलं गेलं नाही. दावा मानणारे आजही आपली बाजू मांडतात. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की मधल्या काळात त्या चित्राला मागून नवं कापड चिकटवलं गेलं, आणि तो जुना फोटो नसता तर शिक्क्याचा पुरावा कुणाला दिसलाच नसता.

तुमच्या चित्रालाही असं दुसरं कापड चिकटवलेलं असू शकतं. मूळ कापड कडेला दिसतं का बघा. मागचं कापड जास्त स्वच्छ आणि एकसारखं असेल तर त्याखाली काहीतरी झाकलं गेलं असण्याची शक्यता धरा. डागडुजी करणारे कधी कधी मूळ मजकूर नव्या कापडावर उतरवून काढत. अशी नक्कल उपयोगी असते, पण ती नक्कल आहे हे विसरू नये. उतरवताना 3 चा 8 सहज होतो.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. कोपऱ्यात पाचरी ठोकून ताण वाढवता येईल असा स्ट्रेचर (कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट) आणि पक्क्या सांध्यांची साधी चौकट, दोन्ही एकोणिसाव्या शतकात सापडतात, त्यामुळे एवढ्यावरून तारीख निघत नाही. कॅनव्हास स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला असेल तर तो निदान एकदा विसाव्या शतकात पुन्हा ताणला गेला आहे. निळ्या बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी 1940 च्या दशकाआधीची नाही. स्टेन्सिलने उमटवलेले काळे अंक आणि अक्षरं दिसली तर जपून फोटो काढा. क्रिस्टीज ही लिलावसंस्था येणाऱ्या चित्रांच्या पाठीवर असे क्रमांक टाकत आली आहे, आणि तिच्या दप्तरातून त्या क्रमांकावरून विक्रीची तारीख कळू शकते.

तारीख बांधा, साल नव्हे

एका सालाचा हट्ट धरू नका. 'याच्या आधीचं नाही' आणि 'याच्या नंतरचं नाही' अशा दोन खुंट्या ठोका आणि मधलं अंतर कमी करत चला.

मुलांचे कपडे यात फार उपयोगी पडतात. शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत फ्रॉकची कंबर छातीपाशी, उंच. 1820 च्या दशकात ती हळूहळू खाली येते. 1830 च्या दशकाच्या पूर्वार्धात बाह्या प्रचंड फुगतात आणि 1836-37 च्या सुमाराला तो फुगा ओसरतो. 1840 आणि 50 च्या दशकांत खांद्यावरून उतरलेला रुंद गळा, फ्रॉकखाली लेस लावलेल्या लांब विजारी. स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचं वेड राणी व्हिक्टोरियाने 1848 मध्ये स्कॉटलंडमधला बाल्मोरल वाडा भाड्याने घेतल्यानंतर आणखी वाढलं. मुलग्यांच्या बाबतीत शतकाच्या सुरुवातीला जाकिटाला बटणांनी विजार जोडलेला घट्ट सूट दिसतो, तो 1830 नंतर मागे पडतो. खलाशी पोशाख लोकप्रिय झाला तो 1846 नंतर. त्या वर्षी विंटरहाल्टर या चित्रकाराने राणीच्या चार वर्षांच्या मुलाला, राजपुत्र अल्बर्ट एडवर्डला, त्या पोशाखात रंगवलं. काळं मखमल आणि मोठी लेसची कॉलर दिसली तर 1885-86 आठवा, कारण 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' ही कादंबरी तेव्हा आली आणि अनेक आयांनी मुलांना त्या नायकासारखं सजवलं.

इथे एक सावधगिरी. कपडे 'याच्या आधीचं नाही' या खुंटीसाठी चांगले, 'याच्या नंतरचं नाही' या खुंटीसाठी कच्चे. मोठ्या भावंडाचा फ्रॉक धाकट्याला घालतात, गावाकडे फॅशन उशिरा पोचते. म्हणून पोशाख 1835 चा दिसला तर चित्र 1835 च्या फार आधीचं नाही हे खात्रीने म्हणता येतं, दोन-तीन वर्षं नंतरचं मात्र असू शकतं. त्यातही फिरत्या चित्रकारांची अडचण वेगळी. न्यूयॉर्क आणि कनेटिकटच्या सीमाभागात फिरून काम केलेल्या अम्मी फिलिप्सच्या चित्रांत जवळजवळ सारख्याच लाल पोशाखातली एकाहून जास्त मुलं आहेत. पोशाख मुलाचा होता की चित्रकाराच्या हातात बसलेला साचा होता, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

आता आपलं चित्र. फुगलेल्या बाह्या आणि जवळजवळ नैसर्गिक जागी आलेली कंबर, म्हणजे 1830 च्या दशकाचा पूर्वार्ध किंवा मध्य. पट्टीवरच्या 1820 शी हे जुळत नाही. त्या साली कंबर छातीपाशी असायला हवी होती. मग 1820 म्हणजे काय? ते चित्राचं साल नसून त्या मुलीचं जन्मसाल असावं, अशी एक शक्यता मनाच्या कोपऱ्यात ठेवा. आणि 1820 ला जन्मलेली मुलगी 1835 ला पंधरा वर्षांची असते, तीन वर्षांची नव्हे.

रंगद्रव्यांची तपासणी प्रयोगशाळेत होते आणि दर वेळी ती परवडत नाही, म्हणून ती शेवटी ठेवा. पण काही तारखा माहीत असाव्यात. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा 1820 च्या दशकाच्या अखेरीस आला, व्हिरिडियन हिरव्याचं पेटंट 1859 चं, टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकातला. चेहऱ्यावर टायटॅनियम सापडला तर तो भाग नंतर रंगवलेला आहे, आणि अशा चेहऱ्याची कुणाशी तुलना करण्यात अर्थ नाही. चित्र 1840 नंतरचं वाटत असेल तर भिंगातून रंगाखाली फोटोचे कण दिसतात का तेही पाहा. फोटो मोठा करून त्यावर रंग चढवण्याचा धंदा शतकाच्या उत्तरार्धात चांगलाच चालला.

मुलगा की मुलगी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एकोणिसाव्या शतकात लहान मुलगेही फ्रॉक घालत. साधारण चार ते सात या वयात कधीतरी मुलग्याला पहिली विजार चढवली जाई आणि घरात त्या दिवसाचं कौतुक असे. तोवर फ्रॉक, कधी लांब केस, लेस, फिती, सगळं दोघांना सारखं. गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा, ही वाटणी तेव्हा नव्हती. पोवळ्यांची माळही दोघांच्या गळ्यात असे, कारण पोवळं बाळाला दुखण्यापासून राखतं अशी समजूत होती. लाल बूट दोघांचे.

मग खूण कोणती? अमेरिकन चित्रांत शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्यापैकी चालणारा संकेत असा: भांग मधोमध असेल तर मुलगी, बाजूला असेल तर मुलगा. आणि हातातली वस्तू. चाबूक, हातोडी, ढोल, लाकडी घोडा, गाडी हे मुलग्याकडे. बाहुली, फुलांची परडी बहुधा मुलीकडे. कुत्रा, मांजर, फळ, पुस्तक कुणाकडेही. एकटी खूण निर्णय देत नाही, दोन-तीन एकाच दिशेला झुकल्या की विश्वास ठेवावा. आपल्या चित्रात बाजूचा भांग आहे आणि हातोडी आहे. हा मुलगा आहे, असं मी धरून चालेन. पट्टीवरचं मुलीचं नाव आता दुसऱ्यांदा अडखळलं.

एका पायातला बूट

सुटलेला बूट, देठापासून तुटलेलं किंवा खाली कललेलं फूल, मावळतं आकाश, खाली लोंबत्या फांद्यांचं विपिंग विलोचं झाड, दूर जाणारी होडी. अमेरिकन बालचित्रांत या खुणा एकत्र दिसल्या की मन घट्ट करून पुढचा विचार करावा लागतो. हे मूल चित्र काढलं तेव्हा जिवंत नसावं. मुलं फार मरत असत. मूल गेल्यावर आईबाप चित्रकाराला बोलावत, तो मृत चेहऱ्यावरून किंवा एखाद्या भावंडाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत उघड्या डोळ्यांचं, खेळतं मूल रंगवत असे. मॅसॅच्युसेट्समधल्या जोसेफ व्हायटिंग स्टॉकने 1832 ते 1846 या काळातली आपल्या कामाची रोजनिशी ठेवली आहे, आणि तीत मृत मुलांची चित्रं काढल्याच्या नोंदी आहेत.

अर्थात सुटलेला बूट म्हणजे केवळ खेळकरपणाही असू शकतो. पण तो दिसला की शोधाची दिशा बदलते. आता फक्त मोठी झालेली मुलं नव्हे, तर लहानपणी गेलेली मुलंही उमेदवार होतात, आणि कागदपत्रांत सापडायला तीच सगळ्यात अवघड.

बाकी वस्तूही एकेक करून पाहा. कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव, चांदीच्या पेल्यावर आद्याक्षरं, उघड्या पुस्तकाच्या पानावर ओळ, लॉकेटवर कोरीव अक्षर, खिडकीबाहेर ओळखू येणारी इमारत. भिंग घेऊन, फोटो मोठा करून, संथपणे. चित्रकाराने एवढ्याशा जागेत अक्षर काढण्याचे कष्ट घेतले असतील तर ते कुणीतरी सांगितल्यावरून.

चिठ्ठी, पट्टी आणि 'आजी सांगायची'

आता नावांकडे. जे नाव मिळेल त्याला तीन प्रश्न विचारा. कुणी लिहिलं? चित्रानंतर किती वर्षांनी? आणि ते नाव नक्की कशाचं आहे?

तिसरा प्रश्न लोक विसरतात. चिठ्ठीवरचं नाव चित्रातल्या मुलाचं असेल, तसंच ते मालकाचं असेल, वारसाचं असेल, किंवा ज्याच्याकडे दुरुस्तीला पाठवलं त्याच्या गिऱ्हाइकाचंही असेल. वाटणीच्या वेळी 'हे अमुक मावशीला' म्हणून डकवलेली चिठ्ठी दोन पिढ्यांनी 'ही अमुक मावशी' होते. आपल्या चित्रावरचं मुलीचं नाव असंच आलं असावं, असा माझा कयास. ती चित्रातली नाही, चित्र तिच्याकडे आलं.

लॅटिनमध्ये 'एटॅटिस सुए' असं लिहून पुढे 4 आकडा असेल तर त्याचा नेमका अर्थ 'वयाच्या चौथ्या वर्षात', आपण 'चौथं लागलं' म्हणतो तसा. पुरी झालेली वर्षं तीन. लिहिणारे नेहमीच इतके काटेकोर नसत, म्हणून जन्मसाल काढताना एका वर्षाची ढील ठेवा.

घरात चालत आलेली गोष्ट फेकून देऊ नका आणि तशीच गिळूही नका. गोष्टीत नाव चुकतं, नातं पुष्कळदा बरोबर असतं. 'आजीच्या घरचं', 'लहानपणी गेलेला भाऊ' हे टिकतं. जिच्याकडून गोष्ट ऐकाल तिचे शब्द, तारीख घालून, जसेच्या तसे लिहून ठेवा.

चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं

आजच्या मालकापासून एकेक पायरी मागे जा. प्रत्येक पायरीला कागद हवा: मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, लिलावाची सूची, पत्र, विम्याची नोंद. घरगुती चित्रं पुष्कळदा मुलींकडे जातात, आणि लग्नागणिक आडनाव बदलतं. शेवटच्या मालकाचं आडनाव धरून मागे गेलात तर चुकीच्या कुळात शिरता. आईची आई, तिची आई, ही वाट जरूर चाला.

मृत्युपत्रात 'चित्र' हाच शब्द शोधू नका. इंग्रजी कागदांत त्या काळी 'लाइकनेस' (प्रतिमा) हा शब्द फार वापरत. मालमत्तेच्या याद्यांत तर कधी फक्त 'बैठकीतली तीन चित्रं' एवढंच मिळतं, तेही नोंदवा.

चित्रकाराचं नाव कळलं तर रस्ता खूप सोपा होतो. फिलाडेल्फियाच्या थॉमस सलीने 1801 पासून आपल्या दोन हजारांहून जास्त चित्रांची नोंदवही ठेवली, तीत कुणाचं चित्र, कुणासाठी, केव्हा सुरू केलं, हे मिळतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत 1769 ते 1904 या काळात मांडलेल्या कामांची सूची अल्जर्नन ग्रेव्हजने छापली. सही नसेल तर शैलीवरून चित्रकार ठरवायला घाई नको. अम्मी फिलिप्सची चित्रं कितीतरी वर्षं दोन वेगळ्या अनामिक चित्रकारांच्या नावावर होती. ती एकाच हातची आहेत हे 1950 च्या दशकाच्या अखेरीस बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्याच्या शोधातून पुढे आलं.

तुमच्या चित्राची जुळी, म्हणजे भावंडांची चित्रं, कुठे आहेत का तेही शोधा. त्याच मापाची, त्याच पडद्याची, त्याच हातची. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची अमेरिकन व्यक्तिचित्रांची सूची, न्यूयॉर्कची फ्रिक संशोधन लायब्ररी, लंडनचं हाइन्झ अर्काइव्ह, हेगमधली आरकेडी ही कला-इतिहासाची संस्था, आणि ब्रिटनमधल्या सार्वजनिक मालकीच्या चित्रांसाठी आर्ट यूके, इथे हजारो व्यक्तिचित्रांच्या नोंदी आणि फोटो आहेत. एका भावंडाचं नाव पक्कं मिळालं की बाकीची भावंडं आपोआप मर्यादेत येतात.

सगळे उमेदवार, एकटा नव्हे

आता कुटुंबातल्या सगळ्या मुलांची यादी करा. जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू, आणि तुमच्या दोन खुंट्यांच्या मधल्या काळात प्रत्येकाचं वय. चुलत, मावस भावंडंही घ्या.

कोणती नोंद कधीपासून मिळते हे माहीत हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून, त्याआधी चर्चच्या वह्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव देणारी तिथली पहिली सरसकट जनगणना 1841 ची. अमेरिकेत घरातल्या सर्व स्वतंत्र माणसांची नावं 1850 च्या जनगणनेपासून येतात. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे वयोगटांनुसार आकडे.

आपल्या चित्रातल्या घराची यादी समजा अशी निघाली. थोरली मुलगी, 1820 चा जन्म, पट्टीवरचं नाव तिचंच. मग दोन मुली, त्या चित्राच्या काळात आठ आणि दहा वर्षांच्या. आणि 1850 च्या जनगणनेत तेरा वर्षांचा एक मुलगा. शोधणाऱ्याला हायसं वाटतं. मुलगा सापडला! 1836 च्या आसपास जन्म, तीन वर्षांचा असताना चित्र, म्हणजे 1839-40. पण बाह्या? तो फुगा तोवर ओसरला होता. दोन वर्षांनी मागे राहिलेली फॅशन म्हणून चालवून घेता येईल, आणि इथेच बरेच जण चालवून घेतात.

त्या सुटलेल्या बुटासाठी थांबा. 1832 ला जन्मून 1835 ला गेलेलं मूल 1830 च्या जनगणनेत नाही, 1840 च्या नाही, 1850 च्या नाही. ते जनगणनेच्या दप्तरात कधी आलंच नाही. ते असेल तर घरच्या बायबलच्या मधल्या पानांवर, जिथे जन्म आणि मृत्यू हाताने लिहीत, चर्चच्या वहीत, किंवा दफनभूमीतल्या छोट्या दगडावर. समजा तिथे तो सापडला: तीन वर्षांचा मुलगा, 1835 च्या शरदात गेलेला, आणि नाव तेच, जे पुढच्या वर्षी जन्मलेल्या भावाला दिलं गेलं. गेलेल्या मुलाचं नाव नंतरच्या बाळाला देण्याची रीत तेव्हा सर्रास होती. त्यामुळे नाव बरोबर सापडूनही माणूस चुकीचा सापडू शकतो. एकाच नावाची दोन भावंडं आहेत का, हे प्रत्येक घरात तपासलंच पाहिजे.

त्यातच बापाच्या मृत्युपत्रात 'माझ्या दिवंगत मुलाचं चित्र थोरल्या मुलीला' अशी ओळ मिळाली, तर पट्टीवरच्या नावाचाही उलगडा होतो.

कागद सांगतो ते आणि चित्र लपवतं ते

यादी करताना घरात राहणाऱ्या, पण घरातल्या न मानल्या गेलेल्या माणसांनाही जागा द्या. न्यू ऑर्लिन्समधलं 1837 च्या सुमाराचं एक चित्र आहे, जाक आमान्स या चित्रकाराच्या नावे. फ्राय या धनिक कुटुंबातली तीन गोरी मुलं त्यात होती. मागे निसर्गात एक अस्पष्ट मानवी आकार जाणवत असे. तो कुणीतरी नंतर रंग चढवून झाकलेला होता. रंग काढल्यावर झाडाला टेकून, हाताची घडी घालून उभा असलेला एक कृष्णवर्णीय मुलगा दिसू लागला. पुढे ते चित्र जेरेमी सिमियन या संग्राहकाने घेतलं आणि त्याच्या सांगण्यावरून केटी मॉर्लस शॅनन या इतिहास अभ्यासिकेने मुलाचा शोध घेतला. गुलाम मुलाची बाप्तिस्म्याची किंवा जनगणनेची सरळ नोंद मिळणं कठीण, म्हणून तिने खरेदी-विक्रीची आणि मालमत्तेची कागदपत्रं चाळली. घरात त्या वयाचा मुलगा एकच होता. त्याचं नाव बेलिझेर. फ्राय कुटुंबाने त्याला आणि त्याच्या आईला विकत घेतलं होतं. चौघांपैकी मोठा झाला तो फक्त बेलिझेर. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते चित्र घेतलं, आणि आता चित्राच्या नावात पहिलं नाव त्याचं आहे.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. शॅननचं काम चेहऱ्यावरून झालं नाही, रंगावरून झालं नाही. वय, काळ, घर या तीन चाळण्यांतून ती एका नावापर्यंत आली, आणि शेवटी ते नाव एका मुलाला परत मिळालं.

चेहरा जुळतो का?

हा प्रश्न मुद्दाम उशिरा ठेवला. मुलांचे चेहरे बदलतात, सोनेरी केस मोठेपणी तपकिरी होतात, आणि मध्यम कुवतीचा चित्रकार सगळ्या मुलांना एकच तोंड देतो. मेलेल्या मुलाचं चित्र असेल तर चेहरा भावंडाचाही असेल. जुळणारा चेहरा पुरावा म्हणून दुबळा. न जुळणारी गोष्ट मात्र कधी कधी उपयोगी पडते, जसा डोळ्यांचा रंग किंवा कानाच्या पाळीची ठेवण, तेही त्या भागावर नंतरचा रंग नसेल तर.

आवडता उमेदवार ठरला की एक दिवस पूर्णपणे त्याच्या विरुद्ध घालवा. हा तो नसेल तर कोणती गोष्ट मला दिसायला हवी होती? ती मी शोधली का? आपल्या चित्रात धाकट्या भावाची बाजू अजून पूर्ण मेलेली नाही. जुना फ्रॉक त्यालाही घातला असेल. बूट खेळात सुटला असेल. पण त्याच्या बाजूने दोन्ही गोष्टी 'असेल'वर उभ्या आहेत आणि थोरल्या, गेलेल्या भावाच्या बाजूने बाह्या, बूट, मावळतं आकाश आणि मृत्युपत्रातली ओळ एका रेषेत येतात.

काय आणि कसं लिहून ठेवायचं

निष्कर्षाला नेमका शब्द द्या. 'आहे' हा शब्द फक्त तेव्हा, जेव्हा चित्राच्याच काळातली नोंद या चित्राला आणि या मुलाला थेट जोडते. 'बहुधा' म्हणजे स्वतंत्र पुरावे एकीकडे झुकतात, पण दुसरी शक्यता उरते. 'परंपरेने असं मानतात' म्हणजे तेवढंच. आपल्या चित्राला मी 'बहुधा' देईन: बहुधा 1835 मध्ये वारलेला मुलगा, चित्र 1835-36 च्या सुमाराचं, मृत्यूनंतर काढलेलं असावं.

त्या शब्दाखाली दोन परिच्छेद लिहा. एकात पुरावा काय, तो कुठे पाहिला, कोणत्या तारखेला. दुसऱ्यात कोणते उमेदवार बाद केले आणि का. पुढच्या शोधणाऱ्याला दुसरा परिच्छेद जास्त लागतो. सगळं आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहून पाकिटात घाला आणि पाकीट फ्रेमच्या मागच्या फळीला लावा, कॅनव्हासला किंवा स्ट्रेचरला काहीही चिकटवू नका. पितळी पट्टी काढून टाकू नका. ती चुकीची असली तरी बहिणीच्या हाती हे चित्र आलं होतं याची ती खूण आहे. तिच्या शेजारी नवी पट्टी लावायची असेल तर तीवर मुलाचं नाव, दोन्ही सालं आणि सुरुवातीला 'बहुधा' कोरून घ्या.